लॅपटॉपही कसाला लावून घ्यावा

महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींसाठी मोजक्या पैशांत योग्य यंत्र कसे निवडावे, याविषयी जळगाव-धुळ्याच्या व्यापारी कुटुंबांशी हितगुज

महाविद्यालयीन प्रवेशाचा हंगाम आणि खानदेशातील व्यापाऱ्याचा हात आखडण्याचा काळ, हे दोन्ही नेमके एकाच वेळी येतात. जून ते ऑगस्ट या महिन्यांत कृषी केंद्र चालविणाऱ्याचे भांडवल बियाण्यांत, खतांत आणि शेतकऱ्यांकडील उधारीत गुंतलेले असते. कापूस बाजारात येईपर्यंत त्या उधारीची वसुली होत नाही. कापड दुकानदाराची लग्नसराई संपलेली असते आणि दिवाळीच्या मालासाठी पैसा राखून ठेवावा लागतो. किराणा व्यापाऱ्याचा गल्ला रोज भरतो, पण तो रोजच रिकामाही होतो. अशा वेळी घरातील मुलाचा वा मुलीचा प्रवेश निश्चित होतो. फी भरली जाते, वसतिगृहाची अनामत दिली जाते, आणि मग एके दिवशी जेवणाच्या ताटावर विषय निघतो, ‘‘पप्पा, लॅपटॉप लागेल.’’

ज्याला बाजार ‘शेठ’ म्हणून हाक मारतो, त्याला ‘सध्या जमणार नाही’ असे म्हणणे जड जाते. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर लोक काय म्हणतील या भिडेपोटी ऐपतीबाहेरचे, चकचकीत यंत्र हप्त्यावर घेतले जाते. नाही तर जाहिरातीतील सर्वांत स्वस्त यंत्र पाहून, पैसे वाचल्याच्या समाधानात, दीड वर्षात निरुपयोगी ठरणारी वस्तू घरी येते. दोन्ही व्यवहार तोट्याचे आहेत. भांडवल लहान असणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. वाकोदच्या भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये घरच्या बचतीच्या ७,००० रुपयांवर रॉकेलच्या व्यापारास आरंभ केला, ही हकीकत जळगावात घरोघरी ठाऊक आहे. लहान भांडवल कोठे घालावे आणि कोठे घालू नये, हे ओळखणे हाच आपल्या लोकांचा पिढीजात गुण आहे. लॅपटॉपच्या दुकानात शिरताना मात्र तो गुण आपण दाराबाहेर ठेवून जातो, कारण तेथील शब्द अनोळखी असतात. ते शब्द थोडे ओळखीचे करून देणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी अभ्यासक्रम, मग यंत्र

‘चांगला लॅपटॉप कोणता?’ हा प्रश्न ‘चांगली गाडी कोणती?’ यासारखाच अपुरा आहे. बाजार समितीत पोती वाहायची की कुटुंबाला नाशिकला न्यायचे, हे ठरल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून प्रथम अभ्यासक्रमाकडे पाहावे.

बी.कॉम., बी.बी.ए. किंवा सी.ए.चे शिक्षण घेणाऱ्यांचे काम मुख्यतः एक्सेल, टॅली, ऑनलाइन व्याख्याने आणि पीडीएफ पुस्तके यांवर चालते. साध्या पण अलीकडच्या प्रोसेसरवर, ८ जीबी रॅम आणि २५६ किंवा ५१२ जीबी एसएसडी असलेल्या यंत्रावर हे सारे व्यवस्थित होते. येथे खेळांसाठीचे वेगळे ग्राफिक कार्ड म्हणजे वाया गेलेला पैसा होय. टॅलीची नेहमीची आवृत्ती विंडोजवर चालते, म्हणून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने क्रोमबुक किंवा मॅकबुक यांच्या वाटेला जाऊ नये. टॅली शिकण्यासाठी परवाना विकत घेण्याचीही गरज नाही. टॅलीप्राइम शैक्षणिक पद्धतीने मोफत वापरता येते. त्यात महिन्यातील ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात, पण शिकण्यास तेवढे पुरते. सी.ए. करणाऱ्यांना पुढे आर्टिकलशिपमध्ये यंत्र घेऊन पक्षकारांच्या पेढीवर जावे लागते. म्हणून त्यांनी वजन आणि बॅटरी यांकडे अधिक लक्ष द्यावे.

बी.फार्म., बी.एस्सी. आणि वैद्यकीय शाखांचीही गरज बहुतांशी वाचन-लेखनाचीच असते. संगणक अभियांत्रिकी व बी.सी.ए. यांचे गणित निराळे आहे. पहिल्या वर्षी सी किंवा पायथॉन या भाषा शिकताना साधे यंत्रही पुरते, परंतु पुढे मोबाइल ॲप तयार करणारी सॉफ्टवेअरे आणि आभासी यंत्रे चालवावी लागतात. तेव्हा १६ जीबी रॅम ही चैन राहत नाही, ती गरज बनते. यांत्रिकी, स्थापत्य आणि वास्तुकला या शाखांत पुढील वर्षांत त्रिमितीय आराखड्यांची भारी सॉफ्टवेअरे येतात व त्यांना स्वतंत्र ग्राफिक कार्ड लागू शकते. पण ते केव्हा लागते, हे महत्त्वाचे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक सर्व शाखांना सामाईक असतात. जळगाव, बांभोरी, धुळे वा शिरपूर, कोठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला असला, तरी त्याच शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना विचारावे: कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या सत्रात, आणि प्रयोगशाळेतील संगणक किती वेळ मिळतो? या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी दुकानदाराच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा अधिक उलगडा होईल. ज्या यंत्राची गरज तिसऱ्या वर्षी पडणार आहे, ते पहिल्या वर्षी, हात तंग असताना घेणे म्हणजे वैशाखातच दिवाळीचा माल भरण्यासारखे आहे.

लेबलावरचे नाव आणि आतला कस

जळगावच्या सराफ बाजारात दागिना घेताना आपण केवळ ‘सोन्याचा आहे’ या शब्दांवर पैसे मोजत नाही. किती कॅरेटचा, हॉलमार्क आहे का, घडणावळ किती, हे विचारतो. लॅपटॉपवरील ‘आय-३’, ‘आय-५’, ‘रायझन ५’ ही नावे म्हणजे ‘सोने’ हा नुसता शब्द झाला. खरा कस त्यापुढील आकड्यांत असतो, आणि तो आकडा बहुधा लहान अक्षरांत छापलेला असतो.

इंटेलचा ‘आय-५ ८२५०यू’ घ्या. यातील पहिला आकडा ८, म्हणजे हा आठव्या पिढीचा प्रोसेसर. ‘आय-३ १२१५यू’ मधील पहिले दोन आकडे १२, म्हणजे तो बाराव्या पिढीचा. हा नवा आय-३ अनेक कामांत त्या जुन्या आय-५ च्या पुढे जातो. केवळ ‘पाच मोठे, तीन लहान’ असा हिशेब करणारा ग्राहक तेथेच फसतो. इंटेलने अलीकडे आपल्या काही प्रोसेसरांच्या नावांतील ‘आय’ हे अक्षर गाळून ‘कोअर ३’, ‘कोअर ५’ अशी नावे आणली आहेत. त्यांचाही पूर्ण क्रमांक विचारून घ्यावा.

एएमडीचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘रायझन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझन ५ ७५३०यू’ या नावांत एकाच आकड्याचा फरक दिसतो. पण तो तिसरा आकडा आतील रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात २०१९ साली आलेल्या रचनेचे चार कोअर आहेत, तर दुसऱ्यात तिच्या पुढील पिढीचे सहा. बाहेरचे स्टिकर मात्र दोन्हींवर ‘रायझन ५’ असेच असते. म्हणून दुकानदाराने प्रोसेसरचे पूर्ण नाव बिलावर लिहून देईपर्यंत सौदा पक्का करू नये.

साठवणुकीचेही तसेच. अगदी स्वस्त यंत्रांत ‘ईएमएमसी’ नावाची ६४ किंवा १२८ जीबीची साठवण असते. ६४ जीबीच्या यंत्रात विंडोज आणि तिची अद्ययावतीकरणे बसली की विद्यार्थ्याच्या कामास जागाच उरत नाही; शिवाय तिची गतीही मंद असते. नुसती जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असलेले यंत्रही आज घेऊ नये. साठवण ‘एसएसडी’ प्रकारचीच असावी. सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, तर किंमत कितीही मोहक असो, त्या यंत्रापासून दूर राहणेच बरे.

जे बदलता येत नाही, त्यात पैसा घालावा

दुकान घेताना आपण जागा पाहतो, फर्निचर नव्हे. कारण फर्निचर पुढे बदलता येते, जागा नाही. लॅपटॉपला हाच नियम लावावा. प्रोसेसर बदलता येत नाही. पडदा, कीबोर्ड आणि बांधणी बदलणे परवडत नाही. म्हणून मर्यादित रक्कम आधी या गोष्टींवर खर्च करावी. पडदा १९२० गुणिले १०८० या प्रतीचा आणि शक्यतो ‘आयपीएस’ प्रकारचा घ्यावा. बाजूने पाहिल्यास ज्याचे रंग फिके पडतात, तो पडदा चार वर्षे डोळ्यांना त्रास देतो.

एसएसडी बहुतेक यंत्रांत पुढे वाढविता येते. रॅमच्या बाबतीत मात्र सावध राहावे. काही यंत्रांत ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते व पुढे वाढविता येत नाही. ‘रॅमसाठी रिकामा स्लॉट आहे का?’ हा प्रश्न न विसरता विचारावा. उत्तर ‘नाही’ असे असेल, तर आरंभीच पुरेशी रॅम घ्यावी.

‘आज ८ जीबी घ्या, पुढे हाती पैसा आला की वाढवा’ हा सल्ला अनेक वर्षे योग्य होता. २०२५ च्या उत्तरार्धापासून त्याचा पुनर्विचार करावा लागत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते. उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळविली आणि सामान्य ग्राहकाच्या रॅमचे भाव वेगाने चढले. आवक घटली की भाव चढतो, हे कापसाच्या आणि डाळीच्या बाजारात वाढलेल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून आज रॅम वाढविण्याचा सुटा खर्च आणि १६ जीबीच्या तयार यंत्राची किंमत, या दोहोंचे भाव एकाच दिवशी विचारावेत आणि मगच ठरवावे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने, केवळ पुढे भाव चढतील या भीतीने, न लागणारी रॅम भरून ठेवण्याचेही कारण नाही.

शेवटी हिशेब वर्षावर मांडावा. समजा, ४२,००० रुपयांचे यंत्र पाच वर्षे चालले, तर वर्षाला ८,४०० रुपये पडले. २४,००० रुपयांचे ‘स्वस्त’ यंत्र दोन वर्षांत निकामी झाले, तर वर्षाला १२,००० रुपये पडले. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. आपापल्या भावांप्रमाणे ते बदलावेत. रीत मात्र बदलू नये.

जुने, पण खात्रीचे

जेथे ४०,००० रुपयेही जड आहेत, तेथे वापरलेल्या यंत्राचा विचार निःसंकोच करावा. पुणे-मुंबईतील कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप काही वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक ही मालिका अशा कार्यालयीन वापरासाठीच बनविलेली असते. त्यांची बांधणी भक्कम, कीबोर्ड उत्तम आणि सुटे भाग मिळण्याजोगे असतात. असे यंत्र २०,००० रुपयांत मिळाले, नवी बॅटरी ३,००० रुपयांत बसली आणि ते तीन वर्षे चालले, तर वर्षाचा खर्च साधारण ७,६७० रुपये येतो. वर दिलेल्या दोन्ही उदाहरणांपेक्षा तो कमी आहे.

मात्र येथे एक तारीख ध्यानात ठेवावी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेनंतरचे, अधिकृत यादीतील प्रोसेसर लागतात. यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे बाजारात फार स्वस्त दिसतात. ती स्वस्ताई सणानंतरच्या मिठाईसारखी आहे. लिनक्स वापरू शकणाऱ्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग आहे. टॅली शिकणाऱ्या मुलीला नाही.

वापरलेले यंत्र घेताना पुढील तपासण्या दुकानातच कराव्यात. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे व आरंभीच कोणता पासवर्ड वा जुन्या कंपनीचे नाव येते का, ते पाहावे. तसे दिसल्यास यंत्र घेऊ नये. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता, असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरून घासाघीस करावी. पडद्यावर एकदा पूर्ण पांढरा व एकदा पूर्ण काळा रंग आणून डाग पाहावेत. प्रत्येक कळ, प्रत्येक पोर्ट, कॅमेरा, आवाज आणि वायफाय तपासावे. झाकण दहा वेळा उघडझाप करून बिजागरी सैल आहे का, ते पाहावे. विंडोज रीतसर सक्रिय आहे का, तेही पाहावे. आणि शेवटी, अनुक्रमांक घातलेले पक्के बिल व किमान काही महिन्यांची लेखी हमी घ्यावी. ‘आपलाच माणूस आहे, बिलाचे काय’ हे वाक्य जेथे ऐकू येईल, तेथे विशेष जपावे.

जळगावचे गोलाणी मार्केट असो वा धुळ्याची बाजारपेठ, स्थानिक दुकानाचा एक मोठा लाभ असा की माणूस समोर असतो. ऑनलाइन खरेदीत चार पैसे वाचतात, हे खरे. परंतु बिघाड झाल्यास यंत्र कोठे न्यायचे, हे आधी पाहावे. वॉरंटी ‘ऑनसाइट’ आहे, म्हणजे तंत्रज्ञ घरी येईल, की आपल्यालाच सेवा केंद्र गाठावे लागेल? मूल पुण्यात शिकणार असेल, तर तेथील केंद्र महत्त्वाचे. शिरपूर वा चोपड्याला राहणार असेल, तर त्या पिनकोडला सेवा मिळते का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारावे. खरेदीत फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिल हाती असेल, तरच तक्रारीला बळ येते.

खानदेशचे ऊन आणि धूळ

जाहिरातीत न दिसणारी एक अडचण आपल्या भागाची खास आहे. बहुतेक लॅपटॉप ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत चालावेत, या हिशेबाने बनविलेले असतात. जळगाव-धुळ्याचा उन्हाळा चाळिशी केव्हाच ओलांडतो. एप्रिल-मेमध्ये तो पंचेचाळीसच्या घरात जातो. दुकानावरच्या पत्र्याच्या माळ्यावर किंवा भर दुपारच्या बंद खोलीत यंत्र तापते, आपली गती आपणच कमी करते आणि बॅटरीचे आयुष्य घटते. परीक्षेचा काळही नेमका तोच असतो.

उपाय साधे आहेत. यंत्र गादीवर किंवा मांडीवरील उशीवर ठेवून वापरू नये. पेढीवरची गादी माणसाला सुखाची, पण लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या हवेच्या वाटा तिने बुजतात. लाकडी पाट किंवा टेबल उत्तम. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत यंत्र ठेवू नये. अनेक कंपन्यांच्या यंत्रांत बॅटरी ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबविण्याची सोय असते. घरीच वापर असेल, तर ती चालू ठेवावी. जिनिंग, डाळमिल किंवा किराणा गोदामाजवळ राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा आतील पंखा जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावा. वीज वारंवार कमीजास्त होते तेथे अर्थिंग असलेले सॉकेट व चांगला स्पाइक गार्ड वापरावा. या सर्वांचा मिळून खर्च काही शे रुपये; त्याने यंत्राचे आयुष्य वाढते.

बिल कोणाच्या नावावर?

आता थोडे नाजूक विषयाकडे वळू. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ४५,००० रुपयांच्या यंत्रात सुमारे ३८,१३६ रुपये मूळ किंमत आणि ६,८६४ रुपये कर असतो. व्यापारी घरात लगेच सुचविले जाते, ‘‘बिल फर्मच्या नावावर घ्या, कराचे क्रेडिट मिळेल, वर घसाराही लागेल.’’

यंत्र खरोखर पेढीच्या कामासाठी असेल, तर ते योग्यच आहे. परंतु मूल ते पुण्याच्या वसतिगृहात घेऊन जाणार असेल, तर तो वैयक्तिक वापर होय आणि वैयक्तिक वापराच्या वस्तूवरील कराचे क्रेडिट कायद्याने घेता येत नाही. वापर खरोखरच दोन्हींचा असेल, तर केवळ व्यवसायाच्या हिश्श्याचे क्रेडिट मिळते. त्याविषयी आपल्या कर सल्लागाराला विचारावे. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला तर क्रेडिट मुळातच नाही. चुकीचे क्रेडिट वापरल्याचे उघडकीस आले, तर कर, त्यावर १८ टक्के दराने व्याज आणि वर दंड असा भुर्दंड बसू शकतो.

पण दंडाहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. उद्या सी.ए. होऊ पाहणारी मुलगी ज्या यंत्रावर हिशेबाची नीती शिकणार, त्याच यंत्राची खतावणीतील पहिली नोंद खोटी असावी, हे आपल्याला पटेल काय? सहा-सात हजार रुपये ही लहान रक्कम नाही, हे मान्य. ती अन्यत्र वाचविता येते. आवश्यक नसलेले ग्राफिक कार्ड टाळून, वापरलेले चांगले यंत्र निवडून किंवा मोफत सॉफ्टवेअर वापरून ती वाचवावी. लिबर ऑफिस पूर्णपणे मोफत आहे. महाविद्यालयाने मायक्रोसॉफ्टकडे नोंदणी केलेली असल्यास, महाविद्यालयाच्या ईमेलवरून विद्यार्थ्यांना ऑफिसची शैक्षणिक आवृत्तीही विनामूल्य मिळते. ऑटोकॅड बनविणारी ऑटोडेस्क कंपनी पात्र विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअरे शिक्षणासाठी मोफत देते.

हप्ता, कर्ज आणि सवलत

‘नो कॉस्ट ईएमआय’ या शब्दांवर व्यापाऱ्याने तरी लगेच विश्वास ठेवू नये. बिनव्याजी पैसा बाजारात कोणी देत नाही. येथे वित्तसंस्था व्याज आकारतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, इतकेच. क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल, तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही ग्राहकाला सोसावे लागते. समजा, व्याज २,५०० रुपये धरले, तर त्यावरील कर ४५० रुपये झाला, शुल्क निराळे. शिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हातची जाते, ती वेगळीच. म्हणून रोखीचा भाव आणि हप्त्याची एकूण बेरीज, दोन्ही लिहून घेऊन तुलना करावी. पेढीच्या खेळत्या भांडवलातून एकदम रक्कम काढण्यापेक्षा थोडे जास्त देऊन हप्ते परवडत असतील, तर तो निर्णयही चुकीचा नाही. तो डोळसपणे घेतलेला असावा, एवढेच.

शैक्षणिक कर्ज काढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी आवश्यक असल्यास, संगणकाची वाजवी किंमत कर्जाच्या रकमेत धरता येते. अनेक पालक फी आणि वसतिगृह एवढ्याचाच अंदाज बँकेला देतात व लॅपटॉपसाठी मग अधिक व्याजाचा हप्ता घेतात. अर्ज करतानाच महाविद्यालयाचे पत्र आणि दुकानाचे कोटेशन जोडून ही रक्कम मागावी.

आणि वेळ साधता आली, तर साधावी. पहिले सत्र घरातील जुन्या संगणकावर, दुकानातील रिकाम्या वेळेच्या यंत्रावर वा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निभावणे शक्य असेल, तर दिवाळीपर्यंत थांबावे. तोपर्यंत अभ्यासक्रमाची खरी गरज कळते आणि उधारीची वसुलीही सुरू होते. थांबणे शक्य नसेल, तर वाईट वाटून घेऊ नये; शिक्षणाच्या वेळेला भावाची वाट पाहता येत नाही. आणि घरात दोन मुले असतील, तर मुलाला नवे आणि मुलीला उरलेसुरले, असा हिशेब कोणी करू नये. यंत्र अभ्यासक्रम पाहून द्यावे.

समाजाने हाती घ्यावे असे काम

आपल्या प्रत्येक गावात असे एखादे घर असते, ज्याचा हात खरोखर रिकामा आहे आणि जे कोणापुढे तो पसरणार नाही. दुसरीकडे आपल्याच पेढ्यांत, दवाखान्यांत व कार्यालयांत दर तीन-चार वर्षांनी बदललेले लॅपटॉप कपाटात पडून असतात. या दोन टोकांना जोडणारी व्यवस्था उभारणे अवघड नाही. पाठ्यपुस्तकांची पेढी चालवावी, तशी लॅपटॉपची पेढी स्थानिक संघाने वा महिला मंडळाने चालवावी. आठव्या पिढीच्या पुढील यंत्रेच स्वीकारावीत. देणाऱ्याने त्यातील पेढीचे हिशेब, आधार-पॅनच्या प्रती पूर्ण पुसून द्याव्यात. एखाद्या जाणकार तरुणाने नवी एसएसडी वा बॅटरी बसवून ते यंत्र चालते करावे. विद्यार्थ्याने अनामत भरून ते न्यावे आणि शिक्षण संपल्यावर परत करावे. घेणाऱ्याचे नाव फलकावर लागू नये, देणाऱ्याचेही नाही.

यासाठी दिवसही आपल्या परंपरेने आधीच नेमून ठेवले आहेत. श्वेतांबर समाज कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी पाळतो. दिगंबर समाज ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी करतो. दोन्ही दिवशी ज्ञानाच्या साधनांचा आदर केला जातो. ज्ञानपंचमी येते, तेव्हा दिवाळीनंतर पेढ्यांवर नव्या वह्या सुरू झालेल्या असतात आणि जुनी यंत्रे बदलली जात असतात. श्रुतपंचमी येते, तेव्हा महाविद्यालयांचे प्रवेश तोंडावर असतात. ज्ञानपंचमीला यंत्रे गोळा करावीत, मधल्या महिन्यांत ती दुरुस्त करावीत आणि श्रुतपंचमीला विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, दोंडाईचा यांपैकी एका गावाने येत्या वर्षी पाच यंत्रांपासून जरी आरंभ केला, तरी पाच घरांतील जेवणाच्या ताटावरचा तो अवघड विषय सोपा होईल.